उलट्या कुशीची पानं

माईंची गाडी अकराला येणार होती आणि पावणेदहापासून धाकटीने खिडकीतल्या आजीला तीनदा जागचं हलवलं होतं. आधी उजेडाकडे तोंड, मग उजेडाकडे पाठ, मग पुन्हा होतं तसं.

"अगं, राहू दे ना तिला," रंगाच्या वाट्या धुता धुता मोठी जाऊ म्हणाली. "हलवून हलवून एखादं पान हातात येईल."

"हातात यायला ते काय..." धाकटी बोलता बोलता थांबली आणि दाराकडे बघू लागली.

"बोल, बोलून टाक. आत्ता आपण दोघीच आहोत. एकदा का त्या मायलेकी आल्या, की मग तोंडाला कुलूप."

आजी म्हणजे खिडकीतला बिगोनिया. माईंच्या आजेसासूने कुणाच्या तरी बागेतलं एक पान चोरून पिशवीत घालून आणलं होतं, त्याचं झालेलं हे झाड, म्हणून आजी. या घरात झाडांना नावं नव्हती, नाती होती. न्हाणीघरातला नेचा कुणी काही न करता फोफावायचा म्हणून तो मामा. जिन्यावरची वेल कुणाच्याही गळ्यात पडायची म्हणून ती मावशी. नवीन माणसाची भलतीच पंचाईत व्हायची. "आजीला उन्हातून आत घ्या, मामाला जरा झटका," असं ऐकून एकदा वीजबिलवाला दारातूनच मागे सरला होता.

आणि आजी ही नुसती शोभेची नव्हती. कापडाची फुलंपानं करणाऱ्या या घराचं सगळं काम तिच्याकडे बघून व्हायचं. खळ घालून कडक केलेलं कापड, त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कापलेलं पान, तापलेल्या सळईने उमटवलेल्या शिरा. माई खिडकीतल्या खुर्चीत आजीसमोर बसायच्या. तासभर नुसत्या बसायच्या. मग म्हणायच्या, "सुचलं." त्या बसलेल्या असताना घरात कुणी भांडंही आपटायचं नाही.

ती आजी वीस दिवसांपूर्वी मेली होती.

माई सव्वा महिना लेकीकडे होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन, मग विश्रांती, मग दुसऱ्याचं. जाताना त्यांनी धाकटीच्या हातात झारी दिली होती आणि म्हटलं होतं, "माझी आजी तुझ्या जिवावर." झालं. त्या दिवसापासून धाकटीचा जीव टांगणीला लागला. माती जरा फिकट दिसली की ती पाणी घालायची. पान जरा मलूल दिसलं की पाणी. तिसऱ्या आठवड्यात देठ बुडाशी काळे पडले, मऊ झाले आणि एका सकाळी आजी कुंडीच्या काठावर डोकं टेकून पडली. काळजी करून करून मारलं मी तिला, असं धाकटी मोरीत तोंड धूत धूत रडली होती.

मग तिने जे केलं ते या घराबाहेरच्या कुणाला सुचलं नसतं. तिने आजी कापडाची केली.

नऊ दिवस लागले. सतरा पानं. देठांवरची तांबूस लव जमेना, म्हणून तिने स्वतःच्या जुन्या लाल स्वेटरची लोकर पिंजली आणि चिमटीने देठांवर बसवली. कुंडी तीच, माती तीच. खऱ्या आजीच्या सतरा पानांतलं एकच ताठ राहिलं होतं, ते तिने न्हाणीघराच्या खिडकीत, मामाच्या मागे, ग्लासभर पाण्यात उभं केलं आणि भीतीने पुन्हा तिकडे फिरकली नाही. जावेला दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण कापडाला हिरवा रंग जावेच्याच वाट्यांतून गेला होता.

"हे बघ," जाऊ आता हात पुसत म्हणाली. "माईंना सोडायला ताई येतायत, त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. त्या नर्स आहेत, माणसाचा चेहरा बघून ताप सांगतात. माईंना मी परवापर्यंत इकडेतिकडे गुंतवते. नाटकवाल्यांना नमुना दाखवून झाला की मग हळूच सांगू, आजी आजारी पडली म्हणून."

"आणि तोवर माई तिच्यासमोर बसल्या म्हणजे?"

"बसू देत."

"वहिनी, कापडासमोर बसून त्यांना काय सुचणार हो?"

हे मात्र जावेच्याही मनात आलं नव्हतं. नाटकमंडळीला रंगमंचावर अख्खं काचघर उभं करायचं होतं, आणि त्यातली सगळी झाडं या घराने द्यायची होती. माईंनी हो म्हटलं होतं आणि त्यानंतर चार महिने त्यांचा हात नुसता चालत होता, आतून काही येत नव्हतं. 'डोळे होऊ देत, आजीसमोर बसले की येईल,' एवढ्या एका वाक्यावर त्यांनी दोन ऑपरेशनं काढली होती. फसवणूक पकडली गेली तर धाकटीची धडगत नव्हती. आणि पकडली गेली नाही तर माई बसतील, बसतील, आणि रिकाम्या उठतील, आणि त्यांना वाटेल की आपलंच संपलं. यातलं वाईट कुठलं हे धाकटीला ठरवता येईना.

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंयस?" जावेने विचारलं.

"नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

"ते एक बरं केलंस."

तिचा नवरा, माईंचा धाकटा, वायरमन. माईंच्या खुर्चीच्या वर नवा दिवा बसवायचा म्हणून त्याने आज सुट्टी घेतली होती आणि सकाळपासून तो शिडीवर चढून, तोंडात स्क्रू धरून, एक शब्द न बोलता काम करत होता. एरवी शिडीवर चढला की गाणी म्हणायचा. धाकटीच्या ते लक्षात आलं, पण तिला स्वतःचंच इतकं झालं होतं की तिने विचारलं नाही.

गाडी आली ती पावणेअकरालाच.

माई काळा चष्मा लावून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तो काढून लेकीच्या हातात दिला आणि घराकडे बघितलं.

"अरे बाप रे," माई म्हणाल्या. "भिंत निळी आहे?"

"पहिल्यापासून निळीच आहे, माई," धाकटा शिडीवरून म्हणाला.

"मी इतके दिवस राखाडी समजत होते." मग त्या जावेकडे वळल्या. "आणि तुझे केस कधी पिकले गं?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा," जाऊ म्हणाली, आणि सगळे हसले. धाकटीही हसली, पण जरा उशिरा, आणि नणंदेची नजर लगेच तिच्यावर गेली.

"तुला काय झालंय?" नणंदेने विचारलं.

"कुठे काय, ताई."

"घाम फुटलाय तुला."

"सळई तापवली होती ना सकाळी," जाऊ मध्ये पडली. "माई, आधी चहा घ्या. मग वर गच्चीत चला, मी नवीन..."

"गच्ची कुठे पळून जात नाही," माई म्हणाल्या. "माझी आजी बघू दे आधी."

माई भिंतीला हात न लावता, नव्या चालीने खिडकीपाशी गेल्या आणि खुर्चीत बसल्या. नणंदेने घरभर बोट नाचवत हुकूम सोडले: वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, आणि कुणी त्यांना रडवायचं तर अजिबात नाही. मग तीही गप्प बसली. माई बघायला बसल्या की सगळेच गप्प बसायचे, हे तिच्याही अंगात भिनलेलं होतं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. जाऊ धुतलेल्याच वाट्या पुन्हा धूत होती. धाकटा शिडीवर तसाच, हातात दिव्याची टोपी घेऊन. धाकटी टेबलाशी बसून देठाला कागदी पट्टी गुंडाळत होती. तिचं रोजचं काम. अकरा वर्षं तिने या घरात देठच गुंडाळले होते. आज पट्टी दोनदा फाटली.

आता उठतील, तिला वाटत होतं. आता म्हणतील, हे काय आहे.

"कागद दे गं," माई म्हणाल्या.

कुणाला म्हणाल्या ते कळेना. दोघी जावा एकदमच उठल्या.

"पेन्सिल पण. लवकर." माईंचा आवाज बारीक झाला होता. त्या कागदावर वाकू लागल्या, तशी नणंद ओरडली, मग त्यांनी कागद उचलून डोळ्यांसमोर धरला आणि एका हातावर पेलून रेघा ओढायला लागल्या. "बघा. अरे, बघा तरी. हे पान उजव्या कुशीला भरलेलं आहे. बरोबर? याचा उजवा भाग मोठा, डावा लहान. आणि त्याच्या वरचं? त्याचा डावा मोठा! त्याच्या वरचं पुन्हा उजवं. एक या कुशीला, एक त्या कुशीला. म्हणून ती अशी मान वेळावून उभी असते. म्हणून जिवंत वाटते! आणि आपण काय करतो? तो एक साचा, आजेसासूंच्या वेळचा, आणि सगळी पानं एकाच कुशीची कापतो. पंक्तीला बसल्यासारखी. चाळीस वर्षं मी या बाईसमोर बसले आणि मला हे दिसलं नाही! डोळे चांगले होते तेव्हासुद्धा दिसलं नाही. मी हिच्याकडे बघत होते आणि साच्यासारखं कापत होते."

धाकटीच्या हातातला देठ खाली पडला.

"काचघर असं करायचं," माई भराभर रेघा ओढत होत्या. "प्रत्येक झाड आधी बघायचं. नुसतं बघायचं. साचे सगळे खिळ्यावर टांगून ठेवायचे. पोरींनो, सुचतंय गं मला! चार महिन्यांनी सुचतंय!"

त्या खुर्चीतून उठल्या. चेहरा असा उजळलेला की नणंदही वाकू नको म्हणायला विसरली. माईंनी कुंडीत बोट घातलं.

"माती कोरडी खडखडीत आहे. एवढं दिलंन् हिने मला, आणि हिला घोटभर पाणी नाही?"

खिडकीत भरलेली झारी होती. माईंनी ती उचलली. खळ घातलेलं कापड पाणी लागताच लोळागोळा होणार, हिरवा रंग ओघळून कुंडीत उतरणार, आणि माईंच्या हातातला कागद, आत्ताचा हा आनंद, सगळंच वाहून जाणार.

"माई, नको!"

शिडीवरून धाकटा ओरडला होता. दिव्याची टोपी खाली पडून टेबलाखाली गडगडत गेली.

"का रे?"

"ती... ती खरी नाहीये. खरी मेली. मी मारली." तो शिडीवरून उतरून माईंसमोर उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून. "ही पाणी घालायला विसरेल म्हणून मी रोज कामावर जाताना तांब्याभर घालत होतो. हिला सांगितलं नाही. वाटलं, हिला बोलणी बसायला नकोत. मग ती पडलेली बघितली, आणि ही रात्री कापडाची करत बसलेली पण बघितलं."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? अहो, पण मी..."

"थांबा," जाऊ म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. "तांब्याभराने काय होतंय? दुपारी ही आडवी झाली की मी झारीभर घालायचे. माझा हिच्यावर भरवसाच नव्हता, माई. खोटं कशाला बोलू?"

"वहिनी! आणि वीस दिवस तुम्ही मला ऐकवताय की तुझ्या हातून गेली म्हणून?"

"ऐकवत होते. चुकलं माझं."

"मी दिवसातून चारदा घालत होते," धाकटी म्हणाली आणि मटकन खाली बसली. "प्रत्येक वेळी वाटायचं, कमी पडलं."

नणंदेने मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे सहा वेळा. रोज. अरे, माणूससुद्धा वाचलं नसतं!" मग ती आईकडे वळली. "आणि माई, माझ्या फोनवरून रोज संध्याकाळी यांना 'पाणी विसरू नका, पाणी विसरू नका' कोण बजावत होतं?"

माईंनी झारी खाली ठेवली. मग हळूच एक पान दोन बोटांत धरलं, उलटं केलं, आणि मागची तार पाहिली. चाळीस वर्षं कापडाची पानं केलेली बाई कापडाच्या पानाला फसली होती, आणि ते तिच्या बोटांना आत्ता कळत होतं.

"कुणी केलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"लव कशाची?"

"माझ्या लाल स्वेटरची."

"आणि कुशी? एक इकडे, एक तिकडे? ते तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आजी पडल्यावर पानं क्रमाने मांडली टेबलावर. पहिल्यावर साचा ठेवला, बसला. दुसऱ्यावर ठेवला तर बसेना. उलटा करून ठेवला, तर बसला." धाकटी मग थांबायचीच विसरली. "मला वाटलं, माझंच चुकतंय. मी डावरी ना! या घरात आले त्या आठवड्यात मी साचा उलटा धरून तीस पानं कापली होती. आठवतं तुम्हाला? तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हिला उलटसुलट कळत नाही, हिला देठ द्या. अकरा वर्षं देठ गुंडाळतेय मी, माई! अकरा वर्षांत एक पान कापू दिलं नाहीत. आणि आता एवढं केलं तर ते कुणाला सांगायची सोय नाही, कारण सांगायचं तर आजीला मारलं हे पण सांगायला लागणार!"

"अगं, हळू," नणंद म्हणाली, "त्यांना आत्ता त्रास..."

"बोलू दे तिला," माई म्हणाल्या.

पण धाकटीचं बोलून झालं होतं. ती ओढणीच्या टोकाने नाक पुसत बसली आणि तिला आत्ताच्या आत्ता जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

माईंनी हातातलं कापडाचं पान सोडलं. मग त्यांनी विचारलं, "तिचं काहीच उरलं नाही का?"

धाकटी उठली. न्हाणीघरात जाऊन तिने मामाला बाजूला सारलं आणि ग्लास घेऊन आली. पाणी निम्मं आटलं होतं, काचेला हिरवट कड आली होती. पान मात्र ताठ होतं. माईंनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. देठाच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्यांचा एक लहानसा झुबका फुटला होता.

"मुळं," जाऊ कुजबुजली.

"पाणी कधी बदललं होतंस?" माईंनी विचारलं.

"एकदाही नाही. भीतीने हातच लावला नाही."

"म्हणून जगली," माई म्हणाल्या.

धाकटा फिसकन हसला, जावेने त्याला कोपर मारलं, आणि मग तीही हसली. माई हसत नव्हत्या. त्या पानाचा मोठा भाग बोटाने चाचपत होत्या.

"डाव्या कुशीची आहे ही."

"हो."

"म्हणजे तुझी ती तीस पानं... ती डाव्या कुशीची होती, बरोबर होती गं, पोरी. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती चुलीत घातली."

"माई, नाही हं," नणंद कापूस घेऊन धावली. "रडायचं नाही सांगितलंय ना? डॉक्टर माझा जीव घेतील. वर बघ. वर बघ आधी!"

माईंनी मान वर केली, आणि लेकीला दोन्ही डोळ्यांच्या कडा टिपू दिल्या. "टिप, होऊ दे तुझं," त्या तशाच वर बघत म्हणाल्या. "आणि ऐका सगळे. या ग्लासाला कुणी हात लावायचा नाही. कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

मग त्यांनी खिळ्यावरचा पत्र्याचा साचा काढला. एका बाजूने तो चार पिढ्यांच्या बोटांनी चकचकीत झाला होता, दुसरी बाजू काळपट होती. माईंनी काळपट बाजू वर करून तो टेबलावर ठेवला, शेजारी खळीचं कापड पसरलं आणि खिडकीतली खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस."

"मी? तिथे?"

"उजेड तिथेच आहे. काप. मला बघायचंय."

धाकटी बसली. कात्री उजव्या हाताची होती, तिच्या अंगठ्याला रुतत होती. ते बघून माईंनी मुलाला सांगितलं, की उद्या बाजारात जाशील तेव्हा डाव्या हाताची कात्री मिळते ती घेऊन ये, आणि न विसरता आण. धाकटा म्हणाला, दोन आणतो. धाकटीने पहिला काप घेतला. माई चष्म्याशिवाय, तोंड अगदी जवळ आणून, तिच्या डाव्या हाताकडे बघत होत्या.